घरी थांबता न येणारे रुग्ण: डायलिसिस युनिट आणि विषाणूच्या साथी

साथींचा इतिहास म्हटला की आपल्याकडे शहरांच्या आणि गावांच्या गोष्टी निघतात. १८९६चा मुंबईचा प्लेग, १९१८चा इन्फ्लुएंझा, ओस पडलेल्या आळ्या, स्टेशनावरची तपासणी. आज आम्ही एका खोलीचा इतिहास सांगणार आहोत. आठ-दहा खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र, यंत्रातून येणाऱ्या-जाणाऱ्या लाल नळ्या, आणि या सगळ्यांमधून फिरणारे दोन-तीन टेक्निशियन, एखादी सिस्टर, साफसफाईच्या मावशी. डायलिसिस युनिट.

ही खोली निवडायचं कारण सरळ आहे. मार्च २०२० मध्ये अख्ख्या देशाला सांगितलं गेलं, घरी थांबा. या खोलीतल्या माणसांना ते शक्यच नव्हतं. मूत्रपिंडं पूर्ण निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागतं, आपल्याकडे खर्चापायी बरेच जण दोनदाच करतात. एका वेळेला चार तास. त्या चार तासांत यंत्र साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी वापरतं, आणि रुग्णाचं रक्त पुन्हा पुन्हा शरीराबाहेर येऊन, गाळून, परत जातं. एक पाळी चुकली तर अंगावर सूज येते, दम लागतो, पोटॅशियम वाढतं. दोन-तीन चुकल्या तर जिवावर बेततं. म्हणजे साथ असो, दंगल असो, पूर असो, या माणसाला त्या खोलीत यावंच लागतं. आणि तो येतो म्हणून टेक्निशियनलाही यावंच लागतं.

आता, करोनानं हा प्रश्न पहिल्यांदा उभा केला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. डायलिसिसची आणि विषाणूची गाठ साठ वर्षांपूर्वीच पडली होती, आणि त्या वेळी जे शिकायला मिळालं ते मोठी किंमत देऊन मिळालं होतं. तिथून सुरुवात करू.

विलेम कोल्फ या डच डॉक्टरनं १९४३ मध्ये, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन नावाच्या छोट्या गावात पहिलं कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. लाकडी पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी. पण हे यंत्र तात्पुरत्या आजारासाठी होतं. मूत्रपिंड चार-आठ दिवसांत परत चालू होणार असेल तरच उपयोग, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापून नळी घालावी लागे आणि हाता-पायांतल्या वाहिन्या संपून जात. ही अडचण सोडवली बेल्डिंग स्क्रिबनर यांनी, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात, १९६० मध्ये. त्यांनी टेफ्लॉनच्या नळीचा एक कायमचा जोड हातावर बसवला. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स हे त्यानंतर अकरा वर्षं जगले. जो आजार काही आठवड्यांत माणसाला नेत असे, त्याच्यासह माणूस वर्षानुवर्षं जगू लागला. १९६२ मध्ये सिअ‍ॅटलला रुग्णालयाबाहेरचं पहिलं डायलिसिस केंद्र सुरू झालं. यंत्रं मोजकी, रुग्ण भरपूर. कोणाला घ्यायचं हे ठरवायला सामान्य नागरिकांची सात जणांची एक समिती नेमली होती, आणि तिच्यावर त्या काळी फार मोठा वाद झाला. त्या वादावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आम्ही तिकडे वळत नाही. आपल्याला हवी ती गोष्ट वेगळी आहे. स्क्रिबनर यांच्या शोधामुळे इतिहासात पहिल्यांदा अशी एक जागा तयार झाली, जिथे तीच माणसं, त्याच कर्मचाऱ्यांच्या हातून, आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं, उघड्या रक्ताच्या सान्निध्यात एकत्र येतात. विषाणूच्या दृष्टीनं बघितलं तर याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

त्या काळातलं युनिट डोळ्यांसमोर आणा. आजच्यासारखा सीलबंद डायलायझर नव्हता. किल नावाचा डायलायझर असे. फळ्यांमध्ये पातळ पडदे ताणून तो हातानं जोडायचा, वापर झाला की सोडवायचा, धुवायचा, पुन्हा जोडायचा. पडदा फाटला की रक्त सांडणार. हातमोजे दर वेळी घातले जातच असं नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची एकच कुपी सगळ्यांना. आणि रक्त चढवणं तर रोजचंच. मूत्रपिंड गेलं की रक्त तयार होणंही मंदावतं. त्यावरचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन बाजारात यायला १९८९ उजाडलं. तोवर उपाय एकच, बाटली लावा. ज्यानं रक्त दिलं त्याला कावीळ आहे का हे तपासण्याची सोय नव्हती. कावीळ कशानं होते हेच नक्की माहीत नव्हतं.

साठच्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंडमधल्या युनिटांत काविळीचे उद्रेक होऊ लागले. सगळ्यांत भयानक प्रसंग स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरात घडला. एडिंबरा हे या क्षेत्रातलं मोठं नाव होतं. मायकेल वुड्रफ यांनी १९६० मध्ये ब्रिटनमधलं पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण तिथेच केलं होतं. १९६८ मध्ये त्या शहरात रोपणासाठी एक खास इमारत उभी राहिली. रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, म्हणून बाहेरचा एकही जंतू त्याच्यापर्यंत पोचू नये अशी तिची सगळी रचना. हवा गाळलेली, येण्याजाण्यावर कडक बंधनं. धोका बाहेर आहे आणि नाजूक माणूस आत आहे, हे त्यामागचं गृहीतक.

१९६९-७० मध्ये एडिंबराच्या डायलिसिस आणि रोपण विभागांत हिपॅटायटीस बी पसरला. बरेच रुग्ण गेले. आणि वुड्रफ यांच्या पथकातले चार जण गेले. धडधाकट, कामातली माणसं. यकृत काही दिवसांत निकामी होऊन गेली. वुड्रफ या धक्क्यानं पार हादरून गेले होते. हवा गाळून काय उपयोग, विषाणू रक्तातून आला होता.

इथे जरा थांबायला हवं, कारण या आजाराची एक तऱ्हा समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिपॅटायटीस बीमध्ये यकृताचं बरंचसं नुकसान विषाणू थेट करत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणू शिरलेल्या पेशींवर तुटून पडते, त्यात ते होतं. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्ती मंद असते. त्यामुळे त्याला लागण झाली तरी अनेकदा डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. विषाणू मात्र त्याच्या रक्तात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, भरपूर प्रमाणात राहतो. उलट टेक्निशियनची प्रतिकारशक्ती ठणठणीत, म्हणून त्याला सुई टोचली की त्याचा आजार तीव्र. म्हणजे एकाच खोलीत, एकाच विषाणूनं, जो आजारी दिसतो त्याला गप्प ठेवलं आणि जो निरोगी दिसतो त्याला झोपवलं. रुग्ण बरा दिसतोय म्हणून निर्धास्त राहणं हीच त्या काळची सगळ्यांत घातक सवय होती.

मग हे ओळखायचं कसं? उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. बरूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन संशोधक वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या रक्तातल्या प्रथिनांमधले फरक शोधत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन मिळालं. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. त्याचा काविळीशी संबंध असेल अशी शंका पुढे आली. १९६७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एक तंत्रज्ञ आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचं रक्त स्वतःच तपासलं. आधी ते प्रथिन त्यांच्या रक्तात नव्हतं, आता होतं. या चाचणीवरून ओळखलेली काविळीची ही पहिली केस. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं, ते योग्यच. पण आमच्या मते या गोष्टीत त्या तंत्रज्ञ बाईंचं महत्त्व कमी धरू नये. रोज दुसऱ्यांच्या नमुन्यांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावरच हा शोध पक्का झाला.

चाचणी आली आणि खेळ बदलला. ब्रिटनमध्ये लॉर्ड रोझनहाइम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९७२ मध्ये अहवाल आला. मुद्दे आज ऐकताना अगदी साधे वाटतात. प्रत्येक रुग्णाचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासा, तो बरा दिसत असला तरी. कर्मचाऱ्यांचंही तपासा. ज्यांच्यात विषाणू आहे त्यांचं डायलिसिस वेगळं करा. गरज नसताना रक्त चढवू नका. काविळीच्या धास्तीनं ब्रिटनमध्ये घरच्या घरी डायलिसिस करण्यालाही जोर आला. यंत्र घरी, शिकवून तयार केलेली बायको किंवा नवरा मदतीला. अमेरिकेत सीडीसीनं १९७७ मध्ये अशाच सूचना काढल्या. वेगळं यंत्र, शक्य तर वेगळी खोली, त्या रुग्णांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं त्याच पाळीत दुसऱ्यांना हात लावायचा नाही. कारण हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातही निदान सात दिवस टिकतो.

आकडे बघा. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डायलिसिस रुग्णांपैकी ६.२ टक्के लोकांना वर्षभरात नव्यानं हिपॅटायटीस बी होत होता, काही केंद्रांत तर ३० टक्क्यांपर्यंत. १९८० मध्ये तो आकडा १ टक्क्यावर आला. आणि लस? लस १९८१ मध्ये मंजूर झाली, डायलिसिस रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना ती देण्याची शिफारस १९८२ची. म्हणजे ही घट लस येण्याआधीची आहे. नुसती तपासणी, वेगळेपणा आणि हात धुणं. पुढे लसीमुळे १९९९ पर्यंत आकडा ०.०६ टक्क्यांवर गेला, तेही खरं. आपल्याकडे ही लस परवडू लागली ती १९९७ नंतर, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस बाजारात आणल्यावर. डायलिसिसच्या रुग्णाचं शरीर लसीला कमी दाद देतं म्हणून त्याला दुप्पट डोस द्यावा लागतो. आजही कुठल्याही जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला नाव घालायला गेलात की पहिला प्रश्न येतो, रिपोर्ट कुठाय? एचआयव्ही, बी आणि सी. कोपऱ्यातलं ‘पॉझिटिव्ह मशीन’ सगळ्यांना माहीत असतं. त्या कोपऱ्याचं मूळ एडिंबरात आहे.

या शिकवणीत एक गोष्ट अध्याहृत होती. वेगळं करा म्हणजे हाकलून द्या असं नाही. वेगळं यंत्र देण्यासाठी आधी यंत्र द्यावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

हिपॅटायटीसनं युनिटाला रक्ताची काळजी घ्यायला शिकवलं. हवेची नाही. नव्या शतकात श्वासातून पसरणारे विषाणू आले तेव्हा ही उणीव उघडी पडली. २०१३ मध्ये सौदी अरेबियाच्या अल-अहसा भागात मर्सचा उद्रेक झाला. खात्रीच्या २३ रुग्णांपैकी २१ जणांना लागण माणसाकडून माणसाला झाली होती, आणि त्याच्या जागा होत्या डायलिसिस युनिट, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड. जूनच्या मध्यापर्यंत त्यातले १५ दगावले. बाजूबाजूला खाटा, चार-चार तास, एक खोकणारा. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये एका रुग्णालयाच्या डायलिसिस युनिटात मर्सचा रुग्ण येऊन गेल्याचं कळलं. शंभराहून जास्त डायलिसिस रुग्ण त्याच्या संपर्कात आले होते. त्यांनी काय केलं? युनिटला कुलूप लावून या शंभर जणांना ‘दुसरीकडे बघा’ म्हटलं असतं तर ते शहरभरच्या युनिटांत विखुरले असते. त्यांना तिथेच विलगीकरणात ठेवून डायलिसिस चालू ठेवलं गेलं. त्यांच्यातून पुढे लागण झाली नाही. आमच्या मते २०२० साठी सगळ्यांत कामाचा धडा हाच होता, आणि तो फार थोड्यांनी वाचला होता.

मग २०२०. वुहान विद्यापीठाच्या रेनमिन रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारीत डायलिसिसच्या २३० रुग्णांपैकी ३७ जणांना आणि ३३ कर्मचाऱ्यांपैकी चौघांना करोना झाला. लागण झालेल्या बऱ्याच रुग्णांची लक्षणं सौम्य होती. ऐकल्यासारखं वाटतंय ना? गप्प रुग्ण. पण सौम्य लक्षणं म्हणजे सौम्य आजार नव्हे. युरोपातल्या नोंदींमध्ये पहिल्या लाटेत करोना झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी साधारण दर चारांतला एक २८ दिवसांत दगावला. आणि योगायोग बघा, अमेरिकेत फेब्रुवारीच्या शेवटी करोनाचे पहिले मृत्यू जाहीर झाले ते सिअ‍ॅटलच्याच परिसरात. स्क्रिबनर यांच्या काळात सुरू झालेलं ते केंद्र अजून चालू आहे, आणि या साथीला तोंड देणाऱ्या पहिल्या अमेरिकन डायलिसिस केंद्रांत त्याचा नंबर लागला. दारातच ताप विचारणं, सगळ्यांना मास्क, संशयिताला टोकाची खाट आणि शेवटची पाळी. सगळं ओळखीचं, फक्त आता रक्ताऐवजी श्वासासाठी.

आता मुंबई. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले, रुग्णालय सील झालं. शहरात इतरही ठिकाणी हेच चक्र फिरत होतं. एक रुग्ण पॉझिटिव्ह, त्याच्या संपर्कातले टेक्निशियन चौदा दिवस क्वारंटाइन, युनिट बंद, आणि त्या युनिटचे बाकीचे निगेटिव्ह रुग्ण रस्त्यावर. ते दुसऱ्या युनिटला गेले की तिथे विचारणा, करोनाचा रिपोर्ट आणा. रिपोर्टला दोन दिवस. दोन दिवसांत छातीत पाणी. दम लागला की करोनाचा संशय आणखी वाढणार, आणि दार आणखी घट्ट बंद होणार. इथे कर्मचाऱ्यांना खलनायक करू नये. पीपीई किटचा तुटवडा होता, लोकल बंद होती, काहींच्या सोसायट्या त्यांना घरात येऊ देत नव्हत्या. कोणीही घाबरलं असतं. पण रुग्णाला दाराबाहेर ठेवल्यानं टेक्निशियन सुरक्षित झाला नाही, तेवढं दिसतं. तोच रुग्ण दोन दिवसांनी अत्यवस्थ होऊन कॅज्युअल्टीत आला, आणि तेव्हा त्याला सांभाळणाऱ्यांकडे ना वेळ होता, ना धड मास्क लावायची उसंत.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिलच्या सुरुवातीला डायलिसिससाठी सूचना काढल्या. प्रत्येक राज्यानं करोनाच्या रुग्णांसाठी निदान एक डायलिसिस केंद्र राखून ठेवावं, यंत्रं, प्रशिक्षित माणसं आणि आरओ पाण्याच्या सोयीसह. हे पाणी म्हणजे लहानशी गोष्ट नाही. घाईनं उभ्या केलेल्या कोविड रुग्णालयांत खाटा होत्या, ऑक्सिजन होता, पण डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा प्लँट प्रत्येक ठिकाणी कुठून असणार? मशीन नेऊन ठेवलं तरी ते चालणार कशावर? मुंबईत यावर जो तोडगा निघाला तो आम्हाला या सगळ्या इतिहासात मोलाचा वाटतो. शहरातले किडनीतज्ज्ञ आणि महापालिका यांनी मिळून एक सामायिक ऑनलाइन यादी उभी केली. कुठल्या ठिकाणी पॉझिटिव्ह रुग्णासाठी यंत्र मोकळं आहे, कुठे संशयितासाठी, कोणाला कधीची पाळी, हे एका जागी दिसू लागलं. नातेवाइकांनी रुग्णवाहिका घेऊन दारोदार फिरायचं, त्याऐवजी वाटप शहराच्या पातळीवर. रोझनहाइम समितीनं सांगितलेलं वेगळं यंत्रच हे, फक्त एका युनिटाच्या कोपऱ्याऐवजी सगळ्या शहरात मांडलेलं.

लॉकडाऊनचा फटका मात्र विषाणूची लागण न झालेल्यांनाही बसला. देशभरातल्या १९ मोठ्या रुग्णालयांच्या एका पाहणीत दिसलं, की नियमित डायलिसिस घेणाऱ्यांपैकी २८ टक्के लोकांची निदान एक पाळी चुकली. शंभरावर रुग्ण येईनासेच झाले. त्यांचं काय झालं याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. एसटी बंद, रिक्षा बंद, हातात फाइल घेऊन नाक्यावर पोलिसांना समजावणं. तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी साठ-सत्तर किलोमीटर डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचं संरक्षण युनिटच्या दारात सुरू होत नाही. ते त्याच्या घराच्या दारात सुरू होतं, वाहनापासून. १९७० च्या समित्यांना याचा विचार करायची वेळ आली नव्हती, त्यांच्याकडे रस्ते चालू होते.

शेवटचा मुद्दा लसीचा. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, आरोग्य कर्मचारी पहिले. डायलिसिस टेक्निशियन त्यात आले, उत्तमच झालं. १ मार्चला साठीच्या पुढचे, आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधी असलेले. सहव्याधींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण होते. पण ४५ च्या आतले? आपल्याकडे डायलिसिसवर तिशी-पस्तिशीतली माणसं काही थोडीथोडकी नाहीत. त्यांना १ मेपर्यंत थांबावं लागलं, त्या वयाच्या कुठल्याही धडधाकट माणसाइतकंच. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली होती. म्हणजे महिनाभर अशी स्थिती होती, की सुई लावणाऱ्या टेक्निशियनला लस मिळालेली, शेजारच्या खाटेवरच्या पन्नाशीच्या काकांना मिळालेली, आणि मधल्या खाटेवरचा पस्तिशीतला मुलगा वयात बसत नाही म्हणून तसाच. १९८२ मध्ये हिपॅटायटीसच्या लसीची शिफारस झाली तेव्हा रुग्ण आणि कर्मचारी या दोघांनाही घेतलं होतं. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये करोनाची लस थेट डायलिसिस केंद्रांना पुरवायचं ठरलं, रुग्ण तसाही आठवड्यातून तीनदा तिथे येऊन चार तास बसलेला असतो म्हणून. आपल्याकडे त्याला वेगळी वेळ नोंदवून, वेगळ्या केंद्रावर, वेगळ्या रांगेत उभं राहावं लागलं, बहुतेक वेळा डायलिसिस नसलेल्या दिवशी, म्हणजे अंगात पाणी साठत असताना.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. काही जणांनी मघाशी पोटातल्या डायलिसिसबद्दल, म्हणजे घरी करता येणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसबद्दल चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्या आधी घेऊ.